श्री. हॅशसेटराव यांस अनावृत पत्र

श्री. हॅशसेटराव,
मु. पो. जावा, यांस
सादर नमस्कार, वि. वि.

१९९८ साली जावाच्या १.२ आवृत्तीबरोबर आपण रुजू झालात. तेव्हापासून 'एकाला दोनदा प्रवेश नाही' हे आपलं ब्रीद आम्ही ऐकत आलो आहोत. समजा, त्यावर भिस्त ठेवून एका मासिकाने वर्गणीदारांच्या दोन याद्या आपल्या हवाली केल्या. एक गेल्या वर्षीची, एक यंदाची. पहिलीतून दुसरी वजा करायची, उरतील त्यांना स्मरणपत्रं धाडायची. शाळेत वेन आकृत्या काढलेल्या कुणालाही जमेल असं काम. आपण रिमूव्हऑल चालवलंत आणि गेल्या वर्षीची यादी जशीच्या तशी परत केलीत. ज्यांनी पैसे भरून पावती घेतली, त्यांच्याही घरी आता स्मरणपत्र जाणार!

आपला खुलासा आम्हांस तोंडपाठ आहे. वर्गणीदार हा क्लास घरचा, त्यात इक्वल्स ही मेथड कुणी लिहिलीच नव्हती. मग चालली ती ऑब्जेक्ट या मूळपुरुषाची. त्यांचं म्हणणं साधं: मेमरीत वेगळ्या जागी बसलेले दोघे वेगळेच, मग नाव, पत्ता, पिनकोड सगळं का जुळेना. ठीक. एका हौशी पोराने इक्वल्स लिहून दिली, नाव आणि पिनकोड जुळला की माणूस तोच. तरी उत्तर तेच! कारण आपण इक्वल्सला विचारलंच नाहीत. आधी हॅशकोड मागायचा, त्यावरून बकेट ठरवायची, आणि तिथे त्याच हॅशकोडाचा कुणी भेटला तरच इक्वल्सची चौकशी करायची, ही आपली कार्यपद्धती. हॅशकोड अजून मूळपुरुषाचाच असल्याने गेल्या वर्षीचे जोशी एका बकेटीत, यंदाचे दुसऱ्या. दोघांची गाठ पडणार कशी?

या पद्धतीमुळे लाखभर नोंदींतही आपण झटक्यात उत्तर देता, हे मान्य. आपली न्यायबुद्धीही वाखाणण्याजोगी. 'काका' आणि 'खटका' या दोन शब्दांचा हॅशकोड जावात एकच येतो: ७,१६,१२,२४२. स्ट्रिंगचा हॅशकोड काढताना दर पावलाला आधीच्या बेरजेला ३१ ने गुणून पुढच्या अक्षराचा युनिकोड क्रमांक मिळवतात. 'क'चा 'ख' झाला की एकाने वाढ, काना जाऊन 'ट' आला की ३१ ने घट. फिट्टंफाट. ('काला' आणि 'खटला' यांचंही तेच, हवं तर चालवून पाहावं.) पण म्हणून आपण काकांना खटका समजत नाही. आकडा जुळला तरी इक्वल्सला विचारता आणि दोघांनाही ठेवून घेता. म्हणजे वेगळ्यांचा आकडा एक आला तर आपण सांभाळून घेता. एकाचेच दोन आकडे आले तर मात्र हूं की चूं करत नाही.

बरं, हॅशकोडही लिहिला. वजाबाकी जमली. मग एका वर्गणीदाराने घर बदललं, आणि कुणीतरी सेटमध्ये बसलेल्या त्याच ऑब्जेक्टचा पिनकोड बदलला. आता कंटेन्स विचारलं तर आपण म्हणता, फॉल्स. रिमूव्ह म्हटलं तरी फॉल्स. लूप फिरवला तर तो आत बसलेला दिसतो. तोच ऑब्जेक्ट पुन्हा ॲड केला तर आपण ट्रू म्हणून आनंदाने घेता, साइज एकने वाढते, आणि ज्या सेटात एकाला दोनदा प्रवेश नाही त्यात एकच गृहस्थ दोन खुर्च्यांवर! कागदोपत्री आपलं काहीच चुकत नाही. आत असताना इक्वल्सवर परिणाम होईल असा बदल झाला, तर सेटच्या वागण्याची हमी नाही, असं दस्तऐवजात छापलेलंच आहे. बदलणाऱ्याने ते वाचायला हवं होतं, नाही का?

तक्रार आहे ती या मौनाची. आपले शेजारी पायथनकर यांचा सेट पाहा. तिथे इक्यू लिहून हॅश लिहायचं राहिलं, तर पायथन ३ त्या क्लासचं हॅश सरळ काढून घेतं आणि सेटच्या दारातच 'अनहॅशेबल टाइप' म्हणून बोंब ठोकतं. माणूस वैतागतो, पण चुकीच्या घरी स्मरणपत्र जात नाही. आत गेल्यावर फील्ड बदललं तर तेही आपल्याइतकेच गाफील, हे खरं. तरी दारात भांडणारा सेट मला गोड बोलून फसवणाऱ्यापेक्षा परवडला. आपल्याकडे २०२१ च्या जावा १६ पासून रेकॉर्ड पक्के झाले. इक्वल्स आणि हॅशकोड आयते मिळतात, फील्डला नवी किंमत देता येत नाही. जुन्या क्लासांना मात्र आपण अजूनही हसतमुखाने आत घेता.

एक आगाऊ सूचना. वर्गणीदारांत कऱ्हाडचे पुष्कळ आहेत, तेव्हा तुलनेत गाव घेऊ नये असं सुचवतो. त्यातला 'ऱ' कुणी एका युनिकोड क्रमांकाने लिहितो, कुणी 'र' आणि खाली नुक्ता असा दोन क्रमांकांनी. पडद्यावर फरक शून्य, आपल्या लेखी दोन गावं. नॉर्मलायझर फिरवून घेतला तर हे दोन जुळतात. पण शून्य रुंदीचा जोडक घालून ते अक्षर उमटवणारे तरीही वेगळेच राहतात.

कळावे, लोभ आहेच, तो वाढवण्याची विनंती तूर्त करत नाही.

आपला,
एक जुना ग्राहक

ता. क. आपले बंधू ट्रीसेट यांच्याशी आपलं बोलणं आहे का? २५०.० आणि २५०.०० हे दोन बिगडेसिमल आपल्याकडे दिले तर आपण दोन मोजता. ते इक्वल्सऐवजी कंपेअरटूचा कौल घेतात आणि एकच ठेवतात. दोघांच्याही दारावर पाटी 'सेट' अशीच. वर्गणीची रक्कम २५०.० अशी नोंदवणाऱ्या आमच्या कारकुनाला कोणाकडे पाठवायचं, तेवढं उलट टपाली कळवावं.