रानमुक्कामी घोडा: नवशिक्या मोतद्दारांसाठी मार्गदर्शन

घोडा घेऊन डोंगरातल्या जंगलात दोन रात्री मुक्काम करायचा बेत ज्याने आखला आहे, त्याने पहिली दुरुस्ती आपल्या वाक्यात करावी. ‘आम्ही घोडे घेऊन चाललो आहोत’ असे म्हणू नये. वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे, पण वस्तुस्थितीला धरून नाही. सहलीला घोडा निघालेला असतो. त्याची वैरण, पाणी, दोर, दाखले आणि लीद सांभाळायला कोणीतरी लागते, म्हणून त्याने तुम्हाला बरोबर घेतलेले असते. या पदाला आपल्याकडे मोतद्दार असा जुना आणि मानाचा शब्द आहे, तेव्हा वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. हे मार्गदर्शन लिहिताना अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याचा कलामा हॉर्स कॅम्प डोळ्यांसमोर ठेवला आहे. सेंट हेलेन्स ज्वालामुखीच्या नैर्ऋत्येला, गिफर्ड पिंचो राष्ट्रीय वनात हा तळ आहे. १९८० साली या डोंगराने आपला माथा उडवून दिला होता, ही गोष्ट इथे येणाऱ्या बऱ्याच जणांना धोक्याची वाटते. घोडा अजून ट्रेलरमधून उतरायचा असतो, म्हणून तसे वाटते.

सहल कोणाची, याचा पहिला पुरावा तळाच्या नावातच आहे. त्यात माणसाचा उल्लेख नाही. अशा तळांवर घोड्यांसाठी कुंपणे असतात, बांधायला दांड्या असतात, लीद टाकायला ठरलेली जागा असते, लांबलचक ट्रेलर न अडकता वळावा म्हणून रस्त्याची वळणे ऐसपैस ठेवलेली असतात. माणसासाठी एक लाकडी टेबल, शेकोटीचे लोखंडी कडे आणि खड्ड्याचा संडास एवढे पुरे समजले जाते. पिण्याच्या पाण्याचा नळ असेलच असे नाही. दुसरा पुरावा कायद्याचा. १९६४च्या वाइल्डरनेस कायद्याने राखीव रानांत मोटारी बंद झाल्या, सायकलीलाही तिथे मज्जाव आहे, घोड्याला मात्र वाट मोकळी आहे. याच वनातल्या राखीव रानांत एका टोळीत जास्तीत जास्त बारा जण चालतात, आणि हे बारा माणसे व जनावरे मिळून मोजतात. तिकडचे घोडेवाले याला ‘बारा हृदये’ म्हणतात. म्हणजे वनखात्याच्या हिशेबात तुम्ही एक आणि घोडा एक. सरकारदरबारी इतकी सरळ बरोबरी माणसामाणसांतही क्वचितच होते.

पण बरोबरी तिथेच संपते, कारण कागदपत्रांत घोडा पुढे आहे. राज्याची सीमा ओलांडून घोडा न्यायचा तर बहुतेक ठिकाणी पशुवैद्याचा दाखला लागतो, आणि अनेक राज्यांत कॉगिन्स नावाची रक्ततपासणीही. लिरॉय कॉगिन्स या शास्त्रज्ञाने १९७०च्या सुमारास ती शोधली. चावऱ्या माश्यांमुळे पसरणारा आणि उपाय नसलेला एक संसर्गजन्य पांडुरोग तिच्यातून कळतो. तुमचे रक्त कोणी विचारत नाही. वैरणीचेही तेच. ऑरेगन आणि वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वनांत तणबीजमुक्त असल्याचे प्रमाणपत्र असलेलेच गवत न्यावे लागते, कारण एरवी घोड्याच्या लिदीतून परकी तणे रानात उगवतात. बी आतड्यांतून जिवंत बाहेर पडते, म्हणून निघण्याआधीचे काही दिवस घरीसुद्धा हेच गवत घालावे असा सल्ला देतात. गठ्ठ्यावर शिक्का किंवा ठरलेल्या रंगाची सुतळी पाहून घ्यावी. तुमच्या डब्यातल्या थालीपिठाचे बी कोणी तपासत नाही, यावरून त्याचे रानातले महत्त्व ओळखावे.

इथे हिशेबी वाचक म्हणेल की रानात गवत फुकट असताना विकतचे कशाला? प्रश्न वाजवी आहे, पण घोडं पेंड खातं ते इथेच. उंच सूचिपर्णी झाडांखाली नेचे आणि शेवाळ भरपूर, चारण्याजोगे गवत थोडे. जे आहे ते तळाच्या आसपास चारू देत नाहीत, नाहीतर एका हंगामात जमीन उघडी पडेल. तिसरे कारण घोड्याच्या पोटात आहे. त्याच्या जठराच्या तोंडाची झडप इतकी घट्ट असते की त्याला ओकारी काढता येत नाही. आत गेले ते पुढेच जायला हवे. खाणे एकदम बदलले, पाणी कमी पडले की पोटशूळ उठतो, आणि पोटशुळाने घोडा दगावू शकतो. म्हणून पाण्याची काळजी आणखी बारीक. पाचशे किलोचा घोडा दिवसाला साधारण तीस लिटर पाणी पितो, पण परक्या पाण्याचा वास आला की बादलीवर नाक फुंकून तोंड फिरवतो. यावर जाणत्यांचा उपाय असा: निघण्याच्या आठवडाभर आधीपासून घरच्या पाण्यात थोडा सफरचंदाचा रस घालावा, म्हणजे तळावरच्या पाण्यातही तीच चव देता येते. घोडा सफरचंदाचा रस पितो आणि शेजारी मोतद्दार ओढ्याचे पाणी गाळून, उकळून पितो, हे दृश्य ज्याने डोळ्यांसमोर आणले त्याला पुढचे सांगावे लागत नाही.

आता बांधणे. घोडा झाडाला बांधू नये. रात्रभर तो एका जागी खूर आपटतो, मुळांवरची माती उकरतो, कंटाळला की साल सोलतो. त्याऐवजी दोन भक्कम झाडांमध्ये, घोड्याच्या डोक्याच्या वर, साधारण सात फुटांवर आडवा दोर ताणावा. झाडाला दोर काचू नये म्हणून भोवती रुंद पट्टा गुंडाळावा. ओढ्यापासून निदान दोनशे फूट दूर राहावे. मग त्या दोरावरून घोड्याची दोरी खाली सोडावी. सगळी विद्या तिच्या लांबीत आहे. घोड्याचे नाक जमिनीला पोचले पाहिजे, पण दोरीचा झोळ इतका नको की पाय तिच्यात अडकेल. वीतभर जास्त सोडली तर मध्यरात्री पाय दोरीपलीकडे आणि घोडा घाबराघुबरा. वीतभर कमी सोडली तर गवत नाकासमोर दिसते आणि तोंडात येत नाही, याचा निषेध तो पहाटेपर्यंत खुराने नोंदवतो. गाठ एका झटक्यात सुटणारी मारावी आणि ती डोळे मिटून सोडता येते का, हे घरीच पाहावे. वेळ येईल तेव्हा अंधार असेल. आणि घोडा एकटा नेऊ नये. कळपाचे जनावर आहे, एकटे पडले की रात्रभर हाका मारते. म्हणजे दोन घोडे. वरचे सगळे आकडे दुप्पट करून घ्यावेत.

इथे सिएटलकडची स्वाभिमानी मराठी मंडळी हरकत घेतील. ज्यांच्या पूर्वजांनी भीमथडीच्या तट्टांवर मांड ठोकून मुलूख पालथा घातला, त्यांना घोडा कसा बांधावा हे शिकवायचे? जरूर शिकवायचे, आणि आधार पूर्वजांचाच द्यायचा. चिपळूणजवळच्या छावणीतल्या अंमलदारांना शिवाजी महाराजांनी १६७३ साली धाडलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये, या ताकिदीसाठी ते आठवले जाते. पण पत्राचा बराचसा भाग चंदी आणि वैरणीचा आहे. साठवलेले दाणा-गवत आताच उधळलेत तर पावसाळ्यात घोडे उपाशी मरतील, आणि ते तुम्हीच मारले असे होईल, असे त्यात बजावले आहे. गवताच्या गंजीपाशी चूल पेटवू नका, तमाखू ओढू नका, दिव्याची जळती वात उंदीर ओढून नेईल, इथपर्यंत तपशील आहे. वनखात्याच्या फलकावरही याहून वेगळे काय असते? वैरण मोजून, विस्तव जपून, आसपासच्या कशालाही हात न लावता. फरक एवढाच की महाराजांना एका उंदराची काळजी होती आणि इथल्या कॅस्केड पर्वतात अस्वलाची आहे. चंदीचा वास त्यालाही आवडतो, तेव्हा घोड्याचे खाणे तुमच्या खाण्याइतकेच बंदोबस्तात ठेवावे.

याहून अवघड हरकत अशी: इतका खटाटोप आहे तर पाठीवर पिशवी टाकून चालतच का जाऊ नये? घोडा ओझे वाहतो, हे याचे रूढ उत्तर. ते तपासून पाहू. घोड्याने आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त वाहू नये, असा सर्वसाधारण दंडक आहे. साडेचारशे किलोच्या घोड्याला नव्वद किलो. त्यातून खोगिराचे पंधरा वजा करा, मग दिवाळीच्या फराळानंतरचा स्वार त्यात बसतो का, ते ज्याचे त्याने पाहावे. दोन घोड्यांचे तीन दिवसांचे गवत पन्नास-पंचावन्न किलो होते आणि लीद सव्वाशे किलोच्या आसपास. मधला फरक पाण्याचा. एका माणसाचा तीन दिवसांचा शिधा तीन-चार किलोंत आटोपतो. हिशेबाने पाहिले तर चालत जाणाऱ्याची बाजू बिनतोड आहे, आणि हे मार्गदर्शन ती खोडून काढत नाही. फक्त तो मुद्दा माणसाच्या सहलीबद्दल आहे. घोड्याच्या सहलीला तो लागू नाही. भाड्याचे घोडे आणि वाटाडे घेऊन सगळे त्यांच्यावर सोपवणारेही असतात. जुन्या मराठी लष्करात स्वतःचा घोडा बाळगणारा तो शिलेदार आणि दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारा तो बारगीर. बारगिरांना रात्री झोप लागते. त्यांच्यासाठी इथे काही लिहिलेले नाही.

निघायच्या सकाळी उलट क्रमाने सगळे करायचे. आधी लीद: पंजेदार फावड्याने उचलून घमेल्यात, घमेल्यातून ठरलेल्या जागी. सांडलेले गवतही वेचायचे. खुरांनी पाडलेले खड्डे बुजवायचे, दोर उतरवायचा, पट्ट्यांखालची साल शाबूत आहे ना ते पाहायचे. तंबू सर्वांत शेवटी, कारण त्याची वाट कोणी पाहत नाही. मग घोडे ट्रेलरपाशी आणायचे. पहिला चढेल. दुसरा फळीवर एक खूर ठेवील, पोकळ आवाज ऐकील, आणि खूर परत घेईल. घोडा का अडला, याचे आपल्याकडचे पाठ उत्तर ‘न फिरवल्याने’ असे आहे. इथे तो तीन दिवस फिरून अडलेला असतो. ओढू नये, ओरडू नये, घड्याळ पाहू नये. तो चढेल, पण कधी ते त्याने अजून ठरवलेले नसते. तोवर घमेले धुऊन घ्यावे.