येलदरी ते लंडन: होतकरू वकिलांसाठी मार्गदर्शिका

बारावीचा निकाल लागला, मेडिकलचा नाद सुटला, एमपीएससीचा अजून लागला नाही, अशा मधल्या काळात ज्याच्या मनात ‘लॉ करून बघावं का?’ असं येतं, त्याच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. त्यातही ‘एक वर्ष परदेशात’ हे खूळ डोक्यात शिरलं असेल, तर ती पुन्हा पहिल्यापासून वाचावी. जिंतूर तालुक्यातलं येलदरी गाव धरून सूचना लिहिल्या आहेत. बाकीच्यांनी आपापल्या गावाचं नाव घालून घ्यावं.

सूचना १. पात्रता तपासा

कागदावरची पात्रता सोपी आहे. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम. खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, इतर मागासवर्गीयांना ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४०. शिवाय सीईटी.

खरी पात्रता एकच: दुसऱ्याचं भांडण मधे न बोलता शेवटपर्यंत ऐकता आलं पाहिजे. याचा सराव येलदरीत फुकट होतो. पूर्णा नदीवरचं मातीचं धरण १९६८ साली पूर्ण झालं. पायथ्याला साडेबावीस मेगावॉटचं वीजघर आहे. इथून सुटलेलं पाणी खाली सिद्धेश्वर धरणात जातं आणि तिथून कालव्यानं पुढच्या शेतांना. म्हणजे जमीन एकाची गेली, वीज दुसरीकडे गेली आणि पाणी तिसऱ्याच्या रानात. जमीन, पाणी, वीज या तिन्हींचे वाद ज्या गावात चहाच्या हॉटेलात बसल्या बसल्या ऐकायला मिळतात, तिथे लॉ कॉलेजची इमारत नसली तरी वर्ग चालूच असतात. फक्त हजेरी कोणी घेत नाही.

सूचना २. कॉलेज निवडा, पण गावात सांगू नका

परभणीला आणि नांदेडला लॉ कॉलेज आहे. छत्रपती संभाजीनगरला २०१७ पासून राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे; तिथे जायचं तर राज्याची सीईटी चालत नाही, ‘क्लॅट’ द्यावी लागते. कुठेही प्रवेश घ्या, परंतु ज्या दिवशी फी भराल त्याच दिवशी गावात तुमची वकिली सुरू होते. अजून पहिल्या सेमिस्टरची पुस्तकं आलेली नसतात आणि येष्टीतून उतरता उतरता कोणीतरी हाक मारतं, ‘‘या, वकीलसाहेब!’’ ही हाक खरी मानणं हा या अभ्यासक्रमातला पहिला धोका.

सूचना ३. सल्ला देऊ नका

दिवाळीच्या सुट्टीत चुलते येतील. हातात खताची रिकामी पिशवी. पिशवीत पॉलिथिन, पॉलिथिनला रबर, आणि तो सोडवता सोडवता तुटणारच. आत वेगवेगळ्या वर्षांचे सातबारे, एक आठ-अ, गोल शिक्क्याचा एक उर्दू कागद आणि एक लग्नपत्रिका. पत्रिका चुकून आलेली नसते. तिच्या मागच्या बाजूला आजोबांनी पेन्सिलीनं वाटणीचा हिशेब केलेला असतो. हे सगळं बाजेवर पसरून झालं की चुलते विचारतील, ‘‘आता सांग, धुरा कोणाचा?’’ धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध.

नवशिक्या इथे कलम सांगतो. कोणतंही. घटनेचा पेपर नुकताच झाला असेल तर कलम २१ सुद्धा सांगतो. चुलते खूश होऊन जातात आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याला तेच कलम ऐकवतात. शेजाऱ्याचा भाचा नांदेडला लॉच करत असतो. पुढचं सांगायला नको.

कलमांचा आणखी एक घोटाळा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. खुनाचं ३०२ आता १०३ झालं, फसवणुकीचं ४२० आता ३१८ मध्ये गेलं. परीक्षेत नवे आकडे लिहा. पारावर मात्र जुनेच वापरा. ‘‘लई तीनशे अठरा माणूस हाय’’ असं म्हणालात तर कोणालाच राग येणार नाही, आणि शिवी वाया जाईल.

सूचना ४. आपल्या गावाला कोणता कायदा लागतो ते आधी बघा

पुण्यामुंबईच्या गाइडात कूळ कायदा म्हटलं की १९४८ चा मुंबईचा कायदा असतो. तो पाठ करून येलदरीत याल तर फसाल. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता; इथल्या कुळांना १९५० चा हैदराबादचा कायदा लागतो आणि त्यातलं ‘अडतीस-ई’ हे कलम म्हाताऱ्या माणसांना नातवंडांच्या नावांसारखं पाठ असतं. जमिनीचा मागोवा घ्यायचा तर १९५४-५५ च्या खासरा पत्रकापर्यंत जावं लागतं, आणि त्याच्या मागे गेलात की उर्दू सुरू. चुलत्यांच्या पिशवीतला तो कागद वाचून देणारा माणूस जिंतुरात किंवा परभणीत शोधावा लागेल. इंग्रजी सुधारण्याचा क्लास लावताना जरा या उर्दूचाही विचार करा. लंडनला तिची सोय होईल, पण महाग पडेल.

सूचना ५. इंग्रजांच्या गोष्टी वाचा

अपकृत्याचा कायदा, म्हणजे टॉर्ट, शिकताना दोन गोष्टी चुकवता येत नाहीत. पहिली गोगलगायीची. १९२८ साली स्कॉटलंडमध्ये पेस्ली गावच्या एका कॅफेत मैत्रिणीनं घेऊन दिलेली जिंजर बीअरची बाटली एका बाईनं थोडी प्यायली आणि उरलेली ओतताना आतून कुजलेली गोगलगाय निघाली, असं तिचं म्हणणं. १९३२ साली निकाल लागला की माल बनवणाऱ्यावर, त्याचा माल शेवटी जो वापरतो त्याचीही जबाबदारी असते. बाटलीत गोगलगाय होती का, हे मात्र कोर्टात कधी सिद्धच झालं नाही. परीक्षक हे विचारत नाहीत, चुलते विचारतील.

दुसरी गोष्ट येलदरीकरांनी नीट वाचावी. लँकेशायरमधल्या रायलंड्स नावाच्या गिरणीमालकानं आपल्या जागेत तलाव बांधून घेतला. तळाशी जुन्या खाणीचे बुजलेले खड्डे होते. १८६० साली पाणी भरलं आणि ते त्या खड्ड्यांतून शेजारच्या फ्लेचरच्या कोळसा खाणीत शिरलं. १८६८ साली हाउस ऑफ लॉर्ड्सनं ठरवलं की सुटलं तर नुकसान करील अशी वस्तू जो आपल्या जमिनीवर आणून साठवतो, तो भरपाई देईल. चूक कोणाची हे विचारायचं कारण नाही. धरणाच्या भिंतीखाली वाढलेल्या मुलाला हे समजावून सांगायला प्राध्यापक लागू नये. तरी उत्तरात लगेच पाटबंधारे खातं आणू नका. सरकारनं कायद्याच्या अधिकारात बांधलेल्या कामाला हा नियम सरळ लागत नाही, आणि मार्क जातात.

याच्या पुढचा भाग परदेशी वर्षात उपयोगी पडतो. डिसेंबर १९८५ मध्ये दिल्लीत श्रीराम कारखान्यातून ओलियम वायू सुटला. त्या खटल्यात न्यायमूर्ती भगवतींच्या खंडपीठानं साधारण वर्षभरानं सांगितलं की, रायलंड्सचा नियम एकोणिसाव्या शतकाचा आहे, त्याला अपवाद आहेत. धोकादायक उद्योगाला आमच्याकडे एकही अपवाद मिळणार नाही. लंडनच्या वर्गात रायलंड्सचं नाव निघालं की हात वर करा. बोलायची हीच संधी.

सूचना ६. परदेशी वर्ष कसं मिळवावं

ब्रिटनमध्ये चार वर्षांचीही एलएलबी असते, तिचं तिसरं वर्ष परदेशातल्या विद्यापीठात काढता येतं. तिथल्या पोराला परदेश म्हणजे पॅरिस किंवा सिंगापूर. येलदरीच्या पोराला त्यासाठी आधी ब्रिटनच परदेश. म्हणून आपल्याकडे सोपा रस्ता असा: पदवी इथे, मग एक वर्षाची एलएलएम तिकडे.

पैशासाठी शिष्यवृत्त्या आहेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. ब्रिटनची चेव्हनिंगही आहे. तिला आधी दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट असते. ही दुसरी अट आईला अर्ज भरायच्या आधीच वाचून दाखवा.

विद्यापीठ शिफारसपत्र मागेल. मामा लगेच आमदारांचं आणून देतील. ते घ्या, मामांचे आभार माना आणि ते फाइलला लावा. अर्जाला मात्र शिकवलेल्या सरांचं जोडा. व्हिसासाठी क्षयरोगाची तपासणी होते आणि खात्यात ठरलेली रक्कम सलग २८ दिवस हलवता येत नाही. हे दिवस सोयाबीन विकल्यानंतरचे धरावेत, पेरणीच्या तोंडचे धरू नयेत. पेरणीच्या दिवसांत आपल्या घरी पैसा २८ तास थांबत नाही.

पैशाअभावी वर्ष अर्धं राहिलं तर खचू नका. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ साली लंडनला बॅरिस्टरांच्या ग्रेज इन या संस्थेत नाव घातलं. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये शिक्षण मध्येच सोडून परतावं लागलं. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून शिल्लक टाकली, शाहू महाराजांची मदत मिळाली, मित्र नवल भथेनांकडून उसने घेतले, आणि १९२० मध्ये पुन्हा गेले ते बॅरिस्टर होऊनच आले. निकाल लांबला तरीही खचू नका. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा १८९२ मध्ये दिली. बायकांना पदवी देत नाहीत म्हणून ती हातात पडायला १९२२ उजाडलं. आपलं विद्यापीठ इतका उशीर करत नाही.

सूचना ७. तिथे गेल्यावर

पूर्वी बॅरिस्टर व्हायचं तर ‘इन’च्या भोजनगृहात ठरावीक जेवणं जेवावी लागत, न जेवता नुसता पास झालेला बॅरिस्टर होत नसे. एलएलएमला असं काही नाही. तिथे वाचावं लागतं. प्राध्यापक नोट्स देत नाहीत, यादी देतात, आणि पुढच्या आठवड्यात विचारतात, ‘‘तुम्हाला काय वाटतं?’’ आपल्याला आजवर हे कोणी विचारलेलं नसतं. पहिल्या वेळी ‘‘सर, सिलॅबसमध्ये आहे का?’’ असं तोंडून जाईल. जाऊ द्या.

मालमत्तेचा कायदा हा विषय अवश्य घ्या. इंग्लंडात जमिनीची नोंद सरकारी रजिस्टरात असते आणि फी भरून कोणालाही कोणाचीही नक्कल मिळते. हे ऐकून डोळे पाणावतील. मग दुसरा तास होईल आणि कळेल की त्या नोंदीसोबतच्या नकाशातली लाल रेघ ही अंदाजाची हद्द आहे. नेमकी हद्द ती दाखवत नाही, असं तिथला २००२ चा कायदाच सांगतो. म्हणून कुंपणावरून शेजारी शेजारी तिथेही कोर्टात जातात. शेजाऱ्याची झुडपं फार उंच वाढली तर काय करायचं, यासाठी त्यांनी २००३ मध्ये वेगळी तरतूद केली आहे. थोडक्यात, एवढा खर्च करून तुम्ही ज्या वर्गात बसलात तिथेही धुराच चालू आहे. आणि त्यांचाही वकील पहिल्यांदा काय म्हणतो? मूळ खरेदीखत आणा.

सूचना ८. परत आल्यावर

बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे सनदेसाठी अर्ज करा. नोंदणीची फी कायद्यात ठरलेल्या ७५० रुपयांहून, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयांहून, जास्त घेता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा जुलै २०२४ चा निकाल आहे. मग ऑल इंडिया बार परीक्षा. तिला बेअर अ‍ॅक्ट घेऊन बसता येतं. कोणत्या पानावर काय आहे हे मात्र तिथे कोणी सांगत नाही. उन्हाळ्यात तालुका आणि जिल्हा कोर्टात काळ्या कोटाची सक्ती नाही. मे महिन्यात परभणीला हा नियम कुठल्याही मूलभूत हक्काहून मोठा वाटतो.

शेवटची परीक्षा

ही तोंडी असते आणि बाजेवर होते. चुलते तीच पिशवी घेऊन येतील. रबर नवा असेल. ‘‘आता तर तू लंडनहून आलास. सांग, धुरा कोणाचा?’’

कलम सांगू नका. रायलंड्स सांगू नका. विचारा, ‘‘काका, सरकारी मोजणी झालीय का? ‘क’ प्रत हाय का?’’

ते थोडा वेळ तुमच्याकडे बघतील. मग आत आवाज देतील, ‘‘आगं ऐकलं का, लंडनला जाऊन आला अन् ह्यो बी कागदच मागायलाय!’’

वाद घालू नका. त्यांना गाडीवर बसवून जिंतूरला भूमी अभिलेख कार्यालयात न्या आणि मोजणीचा अर्ज लिहून द्या. मोजणीची फी त्यांनाच भरू द्या, आणि तुमची किती ते निघण्याआधीच सांगा.