आर्द्रतापाल

नागरी मध्यमवर्गातील छंदिष्टांमध्ये, एका कुंडीसाठी अख्ख्या घराच्या हवेचा कारभार हाती घेणाऱ्या आर्द्रतापालाचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो; कारण कुत्रा पाळणाऱ्याचा उपद्रव कुत्र्याच्या साखळीइतकाच लांब असतो, आर्द्रतापाल मात्र हवाच पाळत असल्यामुळे त्या घरात श्वास घेणारा प्रत्येक जण त्याच्या उपक्रमात आपसूक ओढला जातो. मुंबईत हा प्रकार फारसा फोफावत नाही, कारण तेथे त्याचे काम समुद्र फुकट करतो. त्याला मानवते ती पुण्यासारख्या शहराची हवा, जिथे एप्रिलच्या दुपारी आर्द्रता २०-२५ टक्क्यांपर्यंत उतरते.

या प्रवृत्तीची लागण बहुधा प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास एम्प्रेस गार्डनमध्ये भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनात होते आणि तेथून कॅलॅथिया घरी येते. दक्षिण अमेरिकेच्या वर्षावनांत, उंच वृक्षांच्या सावलीत आणि जमिनीलगतच्या दमट हवेत वाढणारी ही वनस्पती रात्री आपली नक्षीदार पाने उभी मिटून घेते, त्यामुळे घरात आठवडाभर तिचे कौतुक चालते. होळी उलटताच मात्र पानांच्या कडा तपकिरी आणि कुरकुरीत होऊ लागतात, नर्सरीवाला ‘ह्युमिडिटी कमी पडतेय’ असे निदान करतो, आणि काल-परवापर्यंत सर्वसामान्य असलेला एक गृहस्थ आर्द्रतामापक विकत घेतो. स्विस शास्त्रज्ञ सोस्यूर याने १७८३ मध्ये वर्णन केलेला आर्द्रतामापक माणसाच्या केसावर चालत असे, कारण केस दमट हवेत लांबतो आणि कोरड्या हवेत आखडतो. आर्द्रतापालाच्या डोक्यावर या कामापुरतेही केस क्वचितच शिल्लक असल्याने त्याला बॅटरीवरचे यंत्र आणावे लागते. पानांच्या कडा जळण्यामागे बोअरच्या पाण्यातील क्षारही असू शकतात, ही शक्यता तो विचारात घेत नाही, कारण क्षारांचा आकडा दाखवणारे यंत्र त्याने घेतलेले नसते.

यंत्रावर दिसते ती सापेक्ष आर्द्रता, म्हणजे त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ मावते तिच्या तुलनेत प्रत्यक्ष असलेल्या वाफेचे शेकडा प्रमाण. ३० अंश सेल्सिअसला एका घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते आणि ४० अंशांना सुमारे ५१ ग्रॅम. म्हणून हवेत १५ ग्रॅम वाफ असेल, तर तिचा एक थेंबही न गमावता केवळ उन्हाच्या तापाने आकडा ५० वरून ३० च्या आत येतो. हा नियम आर्द्रतापालाला तोंडपाठ असतो, तरीही दुपारी आकडा घसरला की त्याचा पहिला प्रश्न ‘खिडकी कोणी उघडली?’ हाच असतो.

उपायांच्या बाबतीत तो कमालीचा उदार असतो. तो तासातासाला फवारा मारतो, ज्याचा परिणाम काही मिनिटांत विरून जातो. कुंडीखाली गोटे आणि पाणी घातलेले ताट ठेवतो, ज्यातली वाफ पानांपाशी न रेंगाळता खोलीभर पांगते. आणि अखेरीस पाण्याचे तुषार उडवणारे ह्युमिडिफायर आणतो, ज्यात तेच बोअरचे पाणी पडल्याने चार दिवसांत टीव्हीपासून देवघरापर्यंत पांढरी भुकटी बसते. चौथ्या टप्प्यात, घरातील सर्वांत दमट जागा न्हाणीघर असल्याचा शोध लागून कुंडी फ्लशच्या टाकीवर विराजमान होते आणि मंडळींच्या आंघोळी दिवसभरात विभागून दिल्या जातात. टाकीचे बटण कुंडीखाली गेल्यामुळे बाहेर येणारा पाहुणा काही काळ अस्वस्थ दिसतो.

खरा संघर्ष मात्र आईशी होतो, कारण ज्या कोरड्या हवेशी आर्द्रतापालाचे वैर असते, तीच हवा महाराष्ट्रातील गृहिणीला वाळवणासाठी वर्षातून एकदा लाभलेली असते. गव्हाच्या चिकाच्या कुरडया गॅलरीत उन्हे खाऊन संध्याकाळी पंख्याखाली चादरीवर येतात. त्याच वेळी आर्द्रतापाल पंखा बंद करतो, कारण पानांवरील सूक्ष्म छिद्रांतून, म्हणजे पर्णरंध्रांतून, बाहेर पडणाऱ्या वाफेचा पातळ थर वाऱ्याने उडून जातो आणि पान अधिक वेगाने पाणी गमावते. ‘अरे, त्या झाडाला जपतोस तसं जरा कुरडयांना जप, त्या निदान तळून खाता तरी येतात,’ हा आईचा युक्तिवाद शास्त्रीय नसला तरी बिनतोड असतो.

यावरचा तोडगा जुनाच आहे. लंडनमधील नॅथॅनिएल वॉर्ड या डॉक्टराला १८२९ च्या सुमारास, पतंगाचा कोश ठेवलेल्या बंद बाटलीतील ओल्या मातीत नेचा आपोआप उगवलेला आढळला, आणि त्यातून काचेची बंद पेटी तयार झाली, जिच्यात वनस्पतीने सोडलेली वाफ काचेवर जमून पुन्हा मातीत उतरते. पुढे अशाच पेट्यांतून चहाची रोपे चीनमधून भारतात आली. आर्द्रतापाल ही हकीकत पाहुण्यांना चहा पाजताना तपशिलाने ऐकवतो, पण स्वतः पेटी आणत नाही. कारण झाड काचेत गेले, तर त्याची हवा आपोआप राखली जाईल, पंखा सुरू होईल, खिडक्या उघडतील आणि आर्द्रतापालाला विचारणारे कोणी उरणार नाही. ऑफिसात साहेबाचे आणि सोसायटीत सेक्रेटरीचे चालते. आपल्या म्हणण्यानुसार वरखाली होणारा एवढा एकच आकडा त्याच्या वाट्याला आलेला असतो.

जुलैत पावसाने आकडा ८५ वर नेला, कपाटातल्या चपलांना बुरशी आली आणि कॅलॅथियाने नवे पान काढले, की त्याचे श्रेय तो स्वतःकडे घेतो, आणि घरचे ते त्याला देऊनही टाकतात. उन्हाळ्यात अशा घरी जेवायला जाणाऱ्याने मात्र एवढे पथ्य पाळावे, की पानात तळलेली कुरडई पडताच ती आधी खाऊन टाकावी, आणि ती मऊ लागली तरी कोणासमोर त्याचा उच्चार करू नये; तो विषय त्या घरात न्यायप्रविष्ट असतो.