बोंड फुटलं की निघायचं

मोबाइलवर सध्या पाळीचं वेळापत्रक फिरतंय. पाळीत विसावा, मग नवी कामं, बीज सुटायच्या सुमारास महत्त्वाच्या बैठका, पुढच्या पाळीआधी आवराआवर. अल्लीपूरच्या वावरात कापूस वेचणाऱ्या बाईने हे कुठे बसवायचं? बोंड फुटलं की निघायचं, आभाळ भरून आलं तर दुप्पट घाईने. मजुरी किलोवर. कमरेला ओटी बांधून दिवसभर वाकायचं. ओटी भरत जाते तसा भार नेमका ओटीपोटावर येतो. पाळीच्या दुसऱ्या दिवशी कंबर धरली, हात मंदावला, की संध्याकाळी काट्यावर तेवढे पैसे कमी.

पाळीनुसार दम कमी-जास्त होतो, हे बायांना कुणी शिकवायला नको. सगळ्यांना एकच साचा लावणं मात्र चूक. 21 ते 35 दिवसांचं चक्र सर्वसाधारण मानतात, मोबाइल 28 धरून बसतो. 2020 मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा पाळीच्या सुरुवातीला ताकदीत पडणारा सरासरी फरक किरकोळ निघाला. पण सरासरी वेचायला जात नाही. एक धडधाकट असते, दुसरीला उभं राहवत नाही. तेव्हा तिलाच विचारा, आणि ती सांगेल ते खरं माना.

शिवाय थकवा सगळा पाळीचा नसतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायांच्या अंगात रक्त कमी आढळलं. अंगावरून जास्त जाणाऱ्या बाईला वेळापत्रकाआधी रक्ततपासणी हवी, लोहाच्या गोळ्या हव्यात.

राहिली सुट्टी. बिहारने 1992 मध्ये सरकारी नोकरीतल्या बायांना महिन्याला दोन दिवस दिले, कर्नाटकने 2025 मध्ये एक दिवस मंजूर केला. दोन्ही हजेरीपटावरच्यांसाठी. वेचणारीचं नाव कुठल्या पटावर आहे? बीडकडे ऊसतोडीतल्या कित्येक बायांनी खाड्याच्या धाकाने गर्भपिशवीच काढून टाकली. 2019 मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. इतक्या थराला गेल्यावरच आपण ऐकणार का?

कापसाला भाव नाही, शेतकरीही पिचलाय, मान्य. तरी दुखण्याच्या दोन दिवसांत किलोऐवजी रोजाने मजुरी देता येते. धुऱ्यावर चार बांबू रोवून आडोसा करता येतो, पाण्याची कॅन ठेवता येते. वेचणीचा दर ठरवायला बसाल तेव्हा हेही बोला, आणि बायांना समोर बसवून बोला.