उतरलेले सेल, फुगलेले मोबाइल: नवशिक्यांसाठी प्रवेशिका

साहित्य: एक रिमोट, त्यातले दोन उतरलेले सेल, एक ड्रॉवर, जमल्यास माळा आणि ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणणारी घरातली एक ज्येष्ठ व्यक्ती. शेवटचे साहित्य बाजारात मिळत नाही, पण बहुतेक घरांत ते आधीपासून असते.

रिमोट चालेनासा झाला की लगेच नवे सेल आणणे हा उतावळेपणा समजावा. प्रथम रिमोट तळहातावर दोनदा आपटावा. मग झाकण उघडून सेल जागच्या जागी गोल फिरवावेत. टीव्हीने तरीही दाद दिली नाही तर वरचा सेल खाली, खालचा वर. यानंतर उन्हाचा प्रयोग. सेल तापला की आतली रासायनिक क्रिया थोडा वेग घेते आणि दोन-चार चॅनल बदलतात. हे खरे असल्यामुळेच ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या टिकली आहे. मात्र साध्या सेलचे बाहेरचे कवच जस्ताचे असते आणि वीज देता देता तेच झिजत जाते. असा पातळ झालेला सेल तापवला किंवा दाताने चावला तर आतला ऐवज कुठे येईल, हे नवशिक्याने चावण्यापूर्वी ठरवावे. स्प्रिंगवर पांढरट बुरा दिसला तर अल्कलाइन सेल पाझरला आहे. हातमोजे घालून, कापसाच्या बोळ्यावर थोडे व्हिनेगर घेऊन तो पुसावा. फुंकर मारून उडवू नये.

सगळे प्रयोग फसले की सेल कचऱ्यात. इथे मात्र कोणीही ‘असू दे’ म्हणत नाही, कारण सेल स्वस्तात येतो. आपल्या घरांतले विल्हेवाटीचे शास्त्र या एकाच नियमावर उभे आहे: घेताना पैसे किती पडले आणि देताना किती मिळतील, ते पाहून वस्तू टाकायची की ठेवायची ते ठरते. ती काय बाधेल, याचा हिशेब कुठेच नाही. पुरावा हवा असेल तर इन्व्हर्टरची बॅटरी पाहा. आत शिसे आणि आम्ल, म्हणजे घरातल्या सर्वांत घातक वस्तूंपैकी एक. पण शिशाला भाव आहे, दुकानदार जुनी घेऊन नवीच्या किमतीत सूट देतो. म्हणून ती कधी कोणाच्या माळ्यावर सापडत नाही.

याच नियमाने बटन सेल सर्वांत बेफिकीर हातांत असतो. वजनकाटा, गाडीच्या चावीचा रिमोट, गाणारे शुभेच्छापत्र. त्यातला नाण्याएवढा लिथियम सेल लहान मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आत गंभीर भाजते. इथे विनोद नाही: घरगुती उपाय करत बसू नये, तडक रुग्णालय गाठावे.

आता ड्रॉवर. यात जुने मोबाइल निजलेले असतात. एखाद्याची पाठ उचललेली दिसली तर ते बाळसे नव्हे. आतल्या बॅटरीत वायू साठला आहे. ती दाबू नये, टोचू नये, ‘बघू तरी चालू होतो का’ म्हणून चार्जिंगला लावू नये. पेटली तर स्वतःच्याच उष्णतेने जळत सुटते. साड्यांच्या कपाटात तर मुळीच ठेवू नये.

याच ड्रॉवरशी संबंधित एक बातमी घरात सांगायची नाही. टोकियो ऑलिंपिकची सगळी पदके जपानी लोकांनी दिलेल्या जुन्या उपकरणांतल्या धातूंपासून घडवली होती. त्यासाठी दोन वर्षांत सुमारे ६२ लाख मोबाइल आणि जवळपास ७९ हजार टन यंत्रे गोळा झाली आणि सोने निघाले ३२ किलोच्या आसपास. ज्येष्ठांना यातला फक्त ‘मोबाइलमध्ये सोने’ एवढाच भाग ऐकू येतो आणि ड्रॉवरला कुलूप लागते.

माळ्यावरच्या डबा टीव्हीसाठी भंगारवाल्याला हाक मारायची प्रथा आहे. त्याला शिव्या देण्याचीही आहे. मला ती पटत नाही. दारापर्यंत येणारा, जिना चढून ते धूड उतरवणारा दुसरा आहे कोण? अडचण पुढे सुरू होते. टीव्हीतले तांबे काढले जाते, शिसे असलेली काच कुठेतरी फुटते. वायरी उघड्यावर जाळून तांबे सोडवतात. दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत सर्किट बोर्ड आम्लात बुडवून धातू काढतात. ती वाफ काम करणाऱ्याच्या छातीत जाते, उरलेले आम्ल गटारात. आपल्या हाती मात्र दोन नोटा येतात आणि माळा रिकामा झाल्याचे समाधान.

सरकारने २०२२ मध्ये बॅटरी-कचऱ्याचे आणि ई-कचऱ्याचे नवे नियम आणले. ई-कचऱ्याचे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. पुनर्वापराचे ओझे त्यांनी उत्पादकांवर टाकले आहे. आपल्या वाट्याला आले एवढेच: हा माल वेगळा ठेवा आणि योग्य हातांत द्या. चार्जरवर चाकांच्या कचरापेटीवर फुली मारलेले जे चित्र असते, तेही हेच सांगते. ज्येष्ठ मात्र ते चित्र दाखवून म्हणतात, ‘बघ, कंपनीच सांगतेय टाकू नका म्हणून!’

तेव्हा श्रीखंडाचा रिकामा प्लास्टिकचा डबा घ्यावा. पत्र्याचा नको. सेल त्यात ठेवण्यापूर्वी लिथियम आणि नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावावी; टोकांना किल्ली किंवा चांदीचा कागद लागला की ती तापून आग लागू शकते. फुगलेली बॅटरी या डब्यात टाकू नये, ती वेगळी ठेवून लवकर सर्व्हिस सेंटरला न्यावी. मोबाइलमधले फोटो उतरवून, खात्यातून बाहेर पडून तो रीसेट करावा, सिम आणि मेमरी कार्ड काढावे. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था ई-कचरा गोळा करते. इतरत्र कोणालाही देताना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंद असलेल्या कारखान्यातच माल जातो ना, हे विचारावे. दिवाळीच्या आवराआवरीच्या दिवसांतच, १४ ऑक्टोबरला, आंतरराष्ट्रीय ई-कचरा दिनही येतो, म्हणजे मुहूर्तही शोधायला नको.

माल नेणारी ताई दारात आली की ज्येष्ठ हटकून खाली वाकतील आणि ढिगातून बारीक पिनचा एक चार्जर परत उचलतील. त्याचा मोबाइल कधीच हरवला आहे. वाद घालू नये, उचलू द्यावा. त्यात बॅटरी नसते.