शिक्कामोर्तब

रबरी शिक्क्याशी वैर धरू नये, हे माझं मत आवक-जावक विभागातल्या टेबलामागे बसून तयार झालं. टेबलापलीकडची माणसं मात्र शिक्क्याकडे कायम धास्तीनेच बघत आली. शिक्का उचलला की त्यांना ‘अपूर्ण’, ‘नामंजूर’, ‘मुदतीनंतर प्राप्त’ असलंच काहीतरी आठवतं. धड स्वतःचं मत नसलेल्या पुढाऱ्यालाही आपण रबरी शिक्का म्हणतो. या गरीब वस्तूची अब्रू परत मिळवून द्यायची, तर तिच्या तोंडून चार गोड शब्द वदवले पाहिजेत, असं निवृत्तीनंतर माझ्या मनाने घेतलं. तेव्हापासून मी शिक्क्यांची शुभेच्छापत्रं करतो. रंगीत कागद, शाईचा पॅड, मोजके शिक्के आणि दुपारी झोप न लागणारा एक पेन्शनर, एवढं भांडवल त्याला पुरतं.

‘तुम्ही कारकून माणूस, तुम्हाला कुठली कला?’ असं आमचे शेजारी म्हणाले. त्यांना इतिहास ठाऊक नाही. छापील नाताळकार्डाची सुरुवात ज्याने केली, तो लंडनचा हेन्री कोल हा सरकारी नोकरच होता, तोही अभिलेख कार्यालयातला. १८४३ सालच्या नाताळात पत्रांचा ढीग साचला आणि एकेकाला उत्तर लिहिणं त्याच्या जिवावर आलं. मग त्याने जॉन हॉर्स्ले या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं, त्याच्या हजारेक प्रती छापल्या आणि त्यांत हाताने रंग भरवले. वर ज्याला पाठवायचं त्याच्या नावासाठी रिकामी रेघ, खाली पाठवणाऱ्याच्या नावासाठी रिकामी रेघ. म्हणजे तो चक्क ‘रिकाम्या जागा भरा’चा नमुना होता! साहित्यिकाला हे सुचलं नसतं. चित्रातलं एक लहान पोर वाइन पिताना दिसत होतं म्हणून दारूबंदीवाल्यांनी कोलवर टीकाही केली. हरकती आल्याशिवाय कोणतंही चांगलं काम पार पडत नाही, हे लंडनलाही चुकलेलं नाही.

पहिला शिक्का करून घ्यायला मी कोर्टाबाहेरच्या शिक्केवाल्याकडे गेलो. मजकूर लिहून दिला : ‘हार्दिक शुभेच्छा’.

त्याने चष्मा वर केला. “पदनाम?”

“पदनाम नाही. नुसत्या शुभेच्छा.”

“गोल की चौकोनी?”

“गोल बरा दिसेल.”

“गोल पाहिजे तर लेटरहेडवर पत्र लागेल. सही-शिक्क्यानिशी.”

“अहो, शुभेच्छांसाठी मी कोणाचं पत्र आणू?”

“मग चौकोनी घ्या, साहेब. चौकोनीला कोणी विचारत नाही.”

तेव्हा माझ्या शुभेच्छा चौकोनी आहेत. त्या घेताना मी नकळत म्हणून गेलो, “पोच देता का?” आणि त्यानेही नकळत पावतीपुस्तक पुढे ओढलं.

अक्षरं बाहेरून करून घेतली तरी चित्रं घरी कोरता येतात. साधं खोडरबर घ्यावं आणि धारदार पातं लावलेल्या कटरने नको तेवढा भाग काढून टाकावा. पणती, पान, चांदणी यांना उलटंसुलटं नसतं, म्हणून नवशिक्याने तिथून सुरुवात करावी. अक्षरं मात्र आरशातली कोरावी लागतात. मी ‘दिवाळी’ कोरली, तेव्हा मराठीच्या एक निवृत्त शिक्षिका घरी आल्या होत्या. त्यांनी रबर उचललं, डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाल्या, “भाऊ, दि पहिली. वेलांटी डावीकडून.” मी काही न बोलता कागदावर ठसा उमटवून पुढे केला. वेलांटी जिथल्या तिथे होती. बाईंनी ती तपासली, मान डोलावली आणि म्हणाल्या, “ळ जरा जाड झालाय.”

रबर या पदार्थाबद्दलही कृतज्ञ असावं. चार्ल्स गुडइयरने १८३९ साली गंधक घालून रबर तापवण्याची युक्ती शोधली, म्हणून ते उन्हात चिकट होत नाही की थंडीत तडकत नाही. एरवी पुण्याच्या मे महिन्यात माझी पणती पॅडलाच चिकटून बसली असती. गुडइयर बिचारा १८६० साली कर्ज डोक्यावर ठेवून वारला. टायरची कंपनी १८९८ साली दुसऱ्यांनीच काढली आणि त्याचं फक्त नाव लावलं. काम एकाचं आणि श्रेय दुसऱ्याचं, हा प्रकार फक्त आमच्या खात्यात चालतो असं समजण्याचं कारण नाही.

कागदासाठी अप्पा बळवंत चौक गाठावा. तिथे घोटीव कागद, टिंटेड पेपर आणि कार्डशीट मिळते आणि धक्के फुकट मिळतात. जरा ऐट करायची असेल तर शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत जावं. तिथला कागद सुती चिंध्यांच्या लगद्यापासून होतो, आणि हाताला लागताच त्याचं खानदान कळतं. पण कागद घेताना शाईचा स्वभाव लक्षात ठेवावा. ऑफिसच्या पॅडची जांभळी शाई मुद्दामच लवकर न वाळणारी केलेली असते, ती कागदात मुरली तरच सुकते. घोटीव कागदावर ती मुरत नाही. सकाळी मारलेला ठसा संध्याकाळी बोट लावलं तरी पसरतो आणि बोटाच्या मालकाचा तपास लागतो. हातकागद तीच शाई चटकन पितो, पण जास्त झाली तर कडेने फुटते. म्हणून ठसा साध्या कार्डशीटवर घ्यावा, तो कापावा आणि घोटीव कागदाच्या चौकटीवर चिकटवावा. ए-फोर कार्डशीट मधोमध कापून प्रत्येक अर्ध दुमडलं की दोन कार्डं होतात. घडीच्या जागी आधी पट्टी धरून संपलेल्या रिफिलने रेघ दाबावी, म्हणजे कडा फाटत नाही.

शिक्का मारण्याची कचेरीतली पद्धत इथे उपयोगी नाही. कचेरीत शिक्का ऐकू यावा लागतो, कार्डावर तो दिसावा लागतो. खाली जुन्या दिवाळी अंकाची मऊ गादी घ्यावी, शिक्का सरळ टेकवावा, न डोलवता दाबावा आणि सरळ उचलावा. डोलवला की कडेचं रबरही उमटतं आणि पणतीला भिंत फुटते. सवयीने एकदा मी धाडकन शिक्का मारला, तेव्हा आतल्या खोलीतून ही म्हणाली, “कोणाचा अर्ज फेटाळलात?”

हिचा आणि माझा खरा वाद भेंडीवरून झाला. भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचं असं रेखीव फूल उमटतं, की बाजारातला शिक्का त्यापुढे लाजावा. “अहो, भाव बघितलात का?” असा आक्षेप आला. वाटाघाटींनंतर देठाकडचा जाड तुकडा कार्डाकडे आणि उरलेली भेंडी भाजीकडे वर्ग झाली. तुकडा आधी फडक्यावर टेकवून कोरडा करायचा, नाहीतर ठशालाही तार सुटते. फुलाच्या मधोमध नात पंचिंग मशीनमधल्या रंगीत टिकल्या चिकटवते. ज्या यंत्राने मी आयुष्यभर फायलींना भोकं पाडली, त्याच्या पोटातला ऐवज असा शेवटी कामी आला.

शिवकालीन पत्रांत माथ्यावर राजमुद्रा आणि मजकूर संपला की मर्यादामुद्रा असे, म्हणजे पुढे कोणाला काही घुसडता येत नसे. मीही मजकुराखाली एक छोटं पान उमटवतो. स्वराज्यात या मुद्रेला मान होता. आमच्या घरी ही त्या पानाखाली बारीक अक्षरात लिहिते : ‘लाडवांचा डबा परत पाठवावा.’ आणि डबे येतात. शुभेच्छांना उत्तर येईलच असं नाही.

पाकिटावर पत्ता मात्र मी स्वतः लिहितो, पिनकोडसकट. ही सहा आकडी व्यवस्था १९७२ साली आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी होते. नोकरशाही आणि रसिकता एका देहात नांदू शकतात, याचा आणखी काय पुरावा हवा? गेल्या दिवाळीत मेहुण्याच्या पाकिटावर मी रिवाजाप्रमाणे ‘जावक’चा शिक्का मारला. भाऊबीज उलटून गेल्यावर त्याचा फोन आला. “दाजी, पाकीट घरपट्टीची नोटीस समजून देवामागे ठेवलं होतं. आज हिंमत करून उघडलं. आत भेंडी निघाली!” ते कार्ड आता त्याने काचेखाली ठेवलंय. मोबाइलवर आलेले दिवे त्याने त्याच दिवशी पुसले होते, त्यांतले निम्मे मला पुढे पाठवून. हाताने केलेलं कार्ड असं पुढे ढकलता येत नाही. ज्याचं नाव त्यावर लिहिलंय त्याच्याच गळ्यात ते पडतं, हा त्याचा सगळ्यात मोठा गुण.

सबब, वाचकांनी यंदाच्या दिवाळीत निदान एक कार्ड स्वहस्ते तयार करून, पुरेसं टपालतिकीट लावून, मुदतीत पोचेल अशा बेताने पाठवावं. कार्डाला जोडपत्रं लागत नाहीत आणि चौकोनी शिक्क्याला कोणाची परवानगी लागत नाही. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती.