बाहेरची बाधा

ब्रेकचे पॅड स्वतः विकत आणून गॅरेजमध्ये नेण्याचा आगाऊपणा तुम्ही कधी केला असेल, तर पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. काउंटरमागचा टी-शर्टवाला आधी तुमच्याकडे बघतच नाही, तो डब्याकडे बघतो. डबा सीलबंद असतो, वर पार्ट नंबर, होलोग्राम, एमआरपी, सोबत दुकानाचं जीएसटीचं बिल. तो डबा दोन बोटांत धरून अंगापासून जरा लांब नेतो आणि आवाज उतरवून विचारतो, "सर, हे बाहेरचं आहे?"

बाहेरचं म्हणजे पुणेकराला निदान लोणावळ्यापलीकडचं वाटावं. पण हे पुण्यातल्याच नाना पेठेतलं, सुट्या भागांच्या बाजारातलं असतं. गाडीची कंपनी ब्रेक पॅड सहसा स्वतः घडवत नाही, दुसऱ्या कारखान्याकडून घेते आणि आपल्या नावाच्या डब्यात घालते. अनेकदा तोच कारखाना तसेच पॅड स्वतःच्या नावाच्या डब्यात घालून पेठेत पाठवतो. त्यातला एक डबा घरचा आणि दुसरा बाहेरचा कसा, हे विचारायचं नसतं. आम्ही विचारलं. "सर, आम्ही फक्त आमचंच सामान लावतो," असं उत्तर आलं.

आता 'आमचं सामान' येतं कुठून, ते बघा. प्रत्येक गॅरेजात एक पोरगा असतो आणि त्याच्याकडे एक स्कूटर असते. "जा रे, फ्रंट पॅडचा सेट घेऊन ये," म्हटलं की तो निघतो. जातो नाना पेठेत. त्याच गल्लीत, त्याच दुकानात, त्याच फळीवरचा, आम्ही आणलेल्या डब्याच्या शेजारचा डबा घेतो आणि स्कूटरच्या डिकीत टाकतो. डिकीत आधीपासून एक ओला रेनकोट, तेलकट फडकं आणि अर्धी पाण्याची बाटली नांदत असते. या सत्संगात डब्याची शुद्धी होते. पेठेत बाहेरचा असलेला पॅड गॅरेजच्या दारात उतरतो तो आतला होऊन. आम्ही काउंटरवर सुचवलं की आमचा डबाही या पोराच्या डिकीत ठेवा, त्याला कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत एक फेरी मारायला सांगा, पेट्रोलचे आणि चहाचे पैसे आम्ही देतो. टी-शर्टवाला हसला नाही. आम्हीही हसत नव्हतो. खरं तर गॅरेजवाल्यांनी डिकीशुद्धीचा रीतसर दरफलकच लावावा. साधी शुद्धी, ओल्या रेनकोटासह शुद्धी, आणि लांबून येणाऱ्या गिऱ्हाईकांसाठी सिग्नल तोडून तातडीची शुद्धी. टायर मोठे असतात, डिकीत मावत नाहीत, त्यांना स्कूटरवर नुसतं मागे बसवून आणलं तरी चालेल. इंजिन ऑइलला रेनकोटाचा स्पर्श पुरे. बॅटरी पायाशी ठेवावी. हवं तर गिऱ्हाईकालाही मागे बसवून एक चक्कर मारून आणावं, म्हणजे सगळंच आतलं.

डिकीत नेमकं काय घडतं, हे पेठेतला कुठलाही दुकानदार सांगेल. गॅरेजला डिस्काउंट मिळतो आणि गिऱ्हाईकाच्या बिलावर एमआरपी लागते. मधला फरक म्हणजे शुद्धी.

एवढं होऊनही तुम्ही अडून बसलात, तर एक कागद पुढे येतो. 'सदर पार्ट ग्राहकाने स्वतः आणला असून पुढील कोणत्याही बिघाडास गॅरेज जबाबदार राहणार नाही.' त्यातला 'कोणत्याही' हा शब्द गॅरेज फार मनावर घेतं. महिन्याभराने एसी थंड करीना. "बाहेरचे पॅड लावलेत ना सर." डावीकडची काच वर जाईना. तेच कारण. हॉर्न बसला, वायपर करकरला, ॲव्हरेज उतरलं, सगळ्याचं निदान एकच. पुढच्या चाकाच्या कॅलिपरमध्ये बसलेले दोन निमूट पॅड रात्री सगळे झोपल्यावर उठतात आणि वायरिंगमधून फिरत अख्ख्या गाडीला झपाटतात. एकदा बाहेरची बाधा झाली की देवऋषी तरी लिंबू-नारळावर भागवतो. इथे पूर्ण सर्व्हिसिंग करावं लागतं.

कागदावर सही करण्याआधी आम्ही एक साधा प्रश्न विचारला. हेच पॅड तुमच्याकडून घेतले, तुमच्या एमआरपीने, तुमच्या डिकीतून आलेले, तर त्यांची गॅरंटी किती? टी-शर्टवाल्याने आमच्याकडे पहिल्यांदाच सरळ बघितलं. "ब्रेक पॅडला गॅरंटी नसते सर. ते झिजणारं आयटम आहे."

म्हणजे जी गॅरंटी मुळात नाहीच, ती आमच्या सामानामुळे रद्द होणार! हा व्यापार नव्हे, ही दमदाटी आहे, आणि तीही ब्रेकच्या नावाने, कारण ब्रेक म्हटलं की माणूस घाबरतो, हे यांना पक्कं माहीत आहे. डॅशबोर्डवरच्या गणपतीसाठी कुणी असा कागद पुढे करत नाही. नकली माल बाजारात आहे, त्याची भीती खरी आहे, आणि नकली पॅड जीव घेऊ शकतो. मग डबा उघडा, पार्ट नंबर जुळवा, बिल बघा, खोटा वाटला तर तोंडावर सांगा की लावणार नाही. आम्ही हात जोडू. गिरणीवाला दळणाचा डबा घेतो तेव्हा गहू कुठल्या दुकानातला, असं विचारत नाही. पोळी वातड झाल्यास जबाबदारी तुमची, असं लिहून घेत नाही. गव्हात किडा दिसला तर मात्र सांगतो.

आणि लेबरचं काय म्हणता? चाक काढायचं, कॅलिपर सोडायचा, पिस्टन मागे दाबायचा, नवे पॅड बसवायचे, ब्रेक चार वेळा पंप करून बघायचा. हे काम कौशल्याचं आहे, त्याचे चांगले पैसे घ्या. दुप्पट घ्या, पण ते लेबर म्हणून घ्या. डब्यावरचा नफा मिस्त्रीच्या खिशात जातोय अशा समजुतीत कुणी राहू नये. तो बिचारा गाडीखाली पगारावर पडलेला असतो. बिलावर मात्र 'कन्झ्युमेबल्स' नावाची एक ओळ असते. चिमूटभर ग्रीस, दोन फवारे ब्रेक क्लीनर आणि एक चिंधी मिळून तिथे जो आकडा येतो, त्यात घरात आठवड्याची भाजी येते. ती चिंधीही परत मिळत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक सुट्या भागांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. आमच्या बिलात तो फरक कुठे गेला, हे शोधायला गेलो तर तो चिंधीत सापडला.

तर वाचकहो, सामान स्वतः न्या. जुने पॅड मागून घ्या, काउंटरवरच मोजा, पुढच्या दोन चाकांचे मिळून चार भरले पाहिजेत. तो कागद पुढे आला की सही जरूर करा, पण सहीच्या वर स्वतःच्या हाताने एक ओळ लिहा, 'बसवण्याच्या कामाची जबाबदारी गॅरेजची राहील.' त्यांचा शिक्का घ्या, आणि झेरॉक्स घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.